आंबट धाकटीनं सांगायचं

मी उद्याचं काम उद्यावर ठेवत नाही. आमचे हे म्हणतात, "यम आला तरी तू त्याला दारात थांबवशील आणि म्हणशील, कालच भरून ठेवलाय डबा, तेवढा घेते." म्हणू देत. शाळेच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं मदतनीस आहे. सोमवारी पहिल्या तासाला चाळीस मुलं प्रयोगाला येणार असतील, तर शनिवारीच माझ्या चाळीस परीक्षानळ्या धुऊन स्टँडवर उलट्या लागलेल्या असतात. प्रत्येक बाटलीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी असते: आत काय, किती, कधी भरलं. घरीही तोच खाक्या. माझ्या फ्रिजमध्ये बिनचिठ्ठीचा डबा सापडला, तर तो चोरानं ठेवला असं समजावं.

त्यामुळे सहलीच्या जेवणाच्या बाबतीत माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. मुख्य पदार्थ काय, कुणीही भाजून आणतं. सहल तरते ती सोबतच्या चार डब्यांवर, आणि ते डबे आदल्या दिवशीच झालेले बरे. सकाळी उठून कांदे चिरत बसणारी माणसं सहलीला पोचतात तेव्हा बाकीचे हात धुऊन पत्ते खेळत असतात. हे मी उगाच बोलत नाही. अशी एक माझ्या सख्ख्या बहिणीच्या रूपात माझ्या वाट्याला आलेली आहे.

शुक्रवारी संध्याकाळी आईचा फोन आला.

"रविवारी धरणाजवळच्या बागेत जायचंय," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. आता पुरे."

बाबा गेल्यापासून आमची सहल बंद होती. मी विचारलं, "कोण कोण येतंय?" जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

"सगळे. रेडिओमामा ब्रेड आणि भाजलेली कोंबडी आणतोय. गोड मी करते. बटाट्याचं सॅलड तुम्ही दोघींनी करायचं. बटाटे तुझ्याकडे, सॉस धाकटीकडे."

"एका सॅलडचे दोन तुकडे कशाला? मी आणते की सगळं करून."

"आधी कालवलं की पाणी सुटतं, हे कोण म्हणतं गं नेहमी?"

माझाच नियम तिनं माझ्या गळ्यात बांधला. मी म्हटलं, "बरं. मग तिला सांग, दही रात्रभर टांगून घट्ट कर म्हणावं, आणि..."

"मी काही सांगणार नाही. नंबर आहे तुझ्याकडे."

आणि तिनं फोन ठेवला. माझी आई. जिनं एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून अख्ख्या गावाच्या लाइनी जोडल्या, आणि गेली दोन वर्षं माझ्या आणि धाकटीच्या मधली लाइनही तिनंच ओढली. 'धाकटीला सांग, डॉक्टरांनी तुझ्या गोळ्या बदलल्यात.' 'ताईला विचार, बाबांचं कपाट कुणाला देणार.' आम्ही दोघी आईशी बोलायचो आणि आई आमच्याशी. ऑपरेटरचा नियम तिनं आम्हाला लहानपणीच सांगितला होता: लाइन जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा, नाहीतर नोकरी जाते. इतकी वर्षं झाली निवृत्त होऊन, पण त्या शुक्रवारी तिनं कान काढून घेतला.

आता आमचं काय बिनसलं ते सांगते, कारण चूक माझी आहे आणि ती लपवून मला इथं शहाणपणा मिरवायचा नाही.

बाबा शेवटचे तीन आठवडे माझ्याच घरी होते. धाकटी राहते पाच तासांच्या अंतरावर. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तेव्हा तिची चिंगी सहा महिन्यांची होती, आणि त्या आठवड्यात तापानं फणफणली होती. एका संध्याकाळी साडेसातला बाबांचा श्वास बदलला. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "दोन-तीन दिवस काढतील." मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. विचार केला, बिचारी दोन रात्री जागलीय, तिला झोपू दे, सकाळी सांगू. बाबा पहाटेच गेले. ती पोचली तेव्हा त्यांच्या उशाशी दिवा होता.

ती रडली नाही. माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलली, "ताई, तुला सगळं आदल्या दिवशी सुचतं, मग हेच कसं नाही सुचलं?"

त्यावर मी काय बोलावं? मी फटकन म्हटलं, "वेळेवर येण्याची तुला सवय असती, तर सुचलं असतं." मेलेल्या बापाच्या खोलीत मी हे बोलले. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण माझ्या जिभेला त्या दिवशी दात फुटले होते. तेव्हापासून दोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती आईलाही माहीत नाही. त्या संध्याकाळी बाबा धाकटीबद्दल बोलले होते. तिच्यासाठीच बोलले होते. ते मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर हेही सांगावं लागणार की ते तिची चौकशी करत होते तेव्हा अजून वेळ होता, आणि तरीही मी फोन केला नाही. आधी वाटलं, दहा दिवस जाऊ देत. मग वाटलं, राग उतरू दे. उद्याचं काम आज करणारी मी, आणि हे एकच काम रोज उद्यावर ढकलत राहिले.

शनिवारी दुपारी मी बटाटे उकडले. सगळे एका मापाचे घ्यायचे, सालासकट, पाण्यात मीठ आणि व्हिनेगरचे थेंब, म्हणजे फुटत नाहीत. गरम असतानाच सोलायचे आणि ताटात पसरून वाफ जाऊ द्यायची, नाहीतर डब्यात त्यांचा चिकटा होतो. बीन्स उकळत्या पाण्यात चार मिनिटं आणि तिथून थेट गार पाण्यात, हिरव्या राहतात. कांदा पातळ चिरून अर्धा तास पाण्यात, त्याचा माज उतरतो. काकडी शेवटी, वेगळ्या डब्यात. चार डबे, चार चिठ्ठ्या.

हे सॅलड मुळात बाबांचं. ते बसच्या डेपोत मेकॅनिक होते, आणि घरात एरवी चहासुद्धा करायचे नाहीत. पण सहलीला गेलं की बाह्या वर करून, निळ्या काठाचा एनॅमलचा मोठा वाडगा मांडीत घेऊन बसायचे. नखांतलं काळं त्यांनी आदल्या दिवशी ब्रशनं घासून काढलेलं असायचं, तरी थोडं उरायचंच. सॉस एकदम ओतायचे नाहीत. तिसरा हिस्सा घालायचे, हातानं कालवायचे, आणि आम्हाला हाक मारायचे. आम्ही तोंड उघडायचो. "मोठे, मीठ?" "घाला अजून." "धाकटे, आंबट?" "पिळा अजून." मीठ मोठीनं सांगायचं, आंबट धाकटीनं. दुसरीच्या खात्यात नाक खुपसायचं नाही. मी एकदा आंबटाबद्दल बोलले, तर म्हणाले, "तुला विचारलंय का?" मी चाळिशी ओलांडली तरी हे चाललं होतं.

शनिवारी संध्याकाळी, डबे फ्रिजमध्ये गेल्यावर, मी सॉसही करायला घेतला.

"सॉस तर ती आणतेय ना?" आमचे हे म्हणाले. हे लिफ्ट दुरुस्त करतात आणि घरी आल्यावर कशातच पडत नाहीत, पण नेमकं नको तिथं बोट ठेवतात.

"ती स्वतःला आणेल तेवढं पुष्कळ झालं," मी म्हटलं. "विसरेल. नाहीतर वाटेत सांडेल. सोळा बटाट्यांचं काय करू मग, कोरडे चावू?"

टांगलेलं दही, वाटलेली मोहरी, तेल, लसूण, मीठ. लिंबाशी मात्र अडले. किती पिळायचं? या सॅलडचं आंबट मी आयुष्यात कधी ठरवलं नव्हतं. शेवटी प्रयोगशाळेतल्यासारखं मापानं तीस मिलीलिटर घातलं, चव घेतली, बरी वाटली. बरणीचं झाकण घट्ट केलं आणि चिठ्ठी लावली: 'सॉस. तयार. शनिवार.'

रविवारी आम्ही ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो. मनात म्हटलं, जागा पकडू, चादर अंथरू, ती येईपर्यंत सगळं मांडून होईल, म्हणजे तोंड देताना हातात काहीतरी असेल. तर चादर आधीच अंथरलेली. झाडाखाली, सिमेंटच्या टेबलाशेजारी, चारही कोपऱ्यांवर दगड. धाकटी उभी होती, आणि तिच्या पायांना धरून एक अडीच वर्षांची पोरगी. माझ्या लक्षात असलेली चिंगी कापडात गुंडाळलेली होती. हिला दात होते, हट्ट होता आणि एका पायात बूट नव्हता.

"ही कोण?" चिंगीनं विचारलं.

"मावशी," धाकटी म्हणाली. माझ्याकडे न बघता.

आमच्या ह्यांनी धाकटीच्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "काय साडूभाऊ, सूर्य पश्चिमेला उगवला की काय? आमच्या आधी हजर?"

तो हसला, पण हळू आवाजात म्हणाला, "पहाटे चारला उठलो दादा. दोन वर्षं झाली, ती कुठंच उशिरा जात नाही. दुकानातही अर्धा तास आधी जाऊन कुलपापाशी उभी राहते."

ते मला ऐकवायला बोलला नव्हता, पण मी ऐकलं. मी डब्यांची पिशवी खाली ठेवली आणि उगाच तिचे बंद सोडत बसले. दोन वर्षांपूर्वी मी तोंडातून काढलेलं वाक्य ती रोज सकाळी उठून पाळत होती.

तेवढ्यात आई आणि रेडिओमामा आले. मामांचं नाव रेडिओ पडलं कारण ते बंद होत नाहीत. गाडीतून उतरताना सुरू झालेली हवामानाची बातमी चादरीपर्यंत संपली नव्हती. आईनं पिशवीतून निळ्या काठाचा वाडगा काढला, आमच्या दोघींच्या मधे ठेवला आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "चला रे सगळे, बदकं बघायला."

"अगं, पण मला भूक..." मामा म्हणाले.

"बदकांनाही आहे. ब्रेड घे."

जावई निघाले, चिंगी एका बुटावर निघाली, आणि मामांना आईनं दंडाला धरून नेलं. लाइन जोडून तिनं कान काढून घेतला होता.

आम्ही दोघी वाडग्याच्या दोन बाजूंना बसलो. मी बटाटे घातले, बीन्स घातल्या, कांदा निथळून घातला. धाकटीनं आपल्या पिशवीतून सॉसची बरणी काढली. विसरली नव्हती, सांडलाही नव्हता. घट्ट, पांढराशुभ्र सॉस. तिनं तिसरा हिस्सा ओतला आणि थांबली. कालवायला कोणी हात घालेना. शेवटी मी घातला. एक फोड उचलून तोंडात टाकली.

दोन वर्षांनी बहिणीशी बोलायची वेळ आली आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर, "मीठच नाहीये यात."

"नाहीच घातलं."

"विसरलीस?"

"नाही." तिनं पिशवीतून कागदाची एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. "मीठ तू सांगायचंस ना."

मी रुमाल शोधायला पिशवीत हात घातला, आणि व्हायचं तेच झालं. माझी बरणी चादरीवर घरंगळली आणि तिच्या गुडघ्यापाशी जाऊन थांबली. तिनं ती उचलली. काचा तपासतात तशी डोळ्यांजवळ धरून वाचली.

"सॉस. तयार. शनिवार," ती म्हणाली. "केलाच होतास तू."

"मला वाटलं, तू विसरशील..."

"यात लिंबू किती ते कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मापानं घातलं."

तिनं बरणी परत ठेवली. चिडली असती तर बरं झालं असतं. नुसती दमल्यासारखी दिसली. तिच्या सॉसमध्ये माझ्यासाठी जागा ठेवलेली होती. माझ्या सॉसमध्ये तिची गरजच नव्हती, झाकण लावून, चिठ्ठी डकवून मी मोकळी झाले होते. त्या संध्याकाळीही मी हेच केलं होतं. तिची झोप, तिचं पोर, तिचा बाप, सगळ्याचं माप मीच ठरवलं आणि झाकण लावलं. इतके दिवस मी मनाशी म्हणत आले होते की मी तिच्यावर माया केली. केलीच होती. पण तिला विचारलं नव्हतं.

"धाकटे," मी म्हटलं, "चुकलं माझं. त्या संध्याकाळी फोन हातात होता माझ्या. तापलेल्या पोरीला घेऊन निघायचं की नाही, ते तुझं तू ठरवायचं होतं. मी ठरवलं. आणि वर तुलाच बोलले."

ती गवताची काडी तोडत राहिली.

"आणि अजून एक आहे," मी म्हटलं. आता थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते. "बाबा तुझ्याबद्दल बोलले होते. मी तुला सांगितलं नाही. दोन वर्षं."

काडी थांबली. "काय?"

"श्वास बदलायच्या आधी, सातच्या सुमाराला मी त्यांना मऊ भात भरवत होते. दोन चमचे घेतले आणि माझा हात बाजूला केला. मग पांघरुणावर त्यांची बोटं हलायला लागली. आधी मला कळेना. मग कळलं, कालवतायत. वाडगा मांडीत असल्यासारखे. मला म्हणाले, 'मीठ बरोबर आहे. आंबट धाकटी सांगेल. आली का ती?'"

धाकटीनं तोंडावर हात ठेवला.

"मी वेळ मारून नेली, म्हटलं, उद्या सकाळी येतेय. तर म्हणाले, 'उशीर होणारच तिला. तिच्या वाटचं बाजूला काढून ठेव.' आणि हसले."

"हसले?"

"हसले. आपण लहान असताना, तू बूट शोधत बसायचीस आणि ते दारात उभे राहायचे ना, तसं."

ती रडायला लागली. बाबांच्या उशाशी रडली नव्हती, ती आता रडली, खांदे हलवून, लहान पोरासारखं नाक वर ओढत. मी जवळ सरकायला गेले तर तिनं हात आडवा केला. मी होते तिथंच बसले.

"माझं होतं ते," ती म्हणाली. "माझ्या वाटचं होतं, ताई. त्यांनी तुला काढून ठेवायला सांगितलं होतं, लपवून ठेवायला नाही."

"हो."

"मला वाटत होतं, ते माझ्यावर रागावून गेले. वाट बघून बघून."

हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं माझी बहीण हे घेऊन झोपत होती, आणि त्यावरचा उतारा माझ्याजवळ होता.

"नाही गं," मी म्हटलं. "अजिबात नाही. हसले ते."

"परत सांग."

मी परत सांगितलं. मऊ भातापासून.

"परत."

तिसऱ्यांदा सांगताना मी त्यांची बोटं कशी हलत होती ते करून दाखवलं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग ओढणीनं तोंड पुसलं.

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली.

"अस की."

"आणि आता वेळेवर यायचा मला कंटाळा आलाय."

"मग नको येऊस. आम्ही थांबू."

पाण्याच्या बाजूनं मामांचा आवाज जवळ येऊ लागला होता. ते चिंगीला बदकांचा इतिहास सांगत होते. आई सगळ्यांच्या मागे, मुद्दाम हळू चालत होती.

मी पुडी उघडली, चिमटीनं मीठ घातलं, कालवलं. एक फोड चाखली. "मीठ बरोबर आहे," मी म्हटलं आणि वाडगा तिच्याकडे सरकवला.

तिनं एक फोड तोंडात टाकली. डोळे मिटून चावली. तिला घाई नव्हती.

"आंबट कमी आहे," ती म्हणाली.

मी लिंबू कापून दोन्ही फोडी तिच्या हातात दिल्या. किती पिळायचं ते मी सांगितलं नाही.